अणुभट्टीची वाफ टनाला कितीला देणार?

छोट्या अणुभट्ट्यांवर हल्ली काहीही वाचायला घ्या, 'स्थानिक वीज आणि उष्णता' ही जोडी ठरलेलीच. कंटेनरमध्ये मावेल एवढी भट्टी ट्रकवरून येणार, गावाच्या कडेला जमिनीत बसवणार, मग पुढची काही वर्षं वीज पण मिळणार आणि घरं पण उबदार राहणार. घरं उबदार! मे महिन्यात दुपारी आमच्या नळाला टाकीचं पाणी असं येतं की भांडी घासणाऱ्या ताई आधी बादलीत भरून निवत ठेवतात, इथे उबदार घर कुणाला हवंय. त्यामुळे आपल्याकडे हा विषय निघाला की लोक उष्णतेचा भाग गुपचूप गाळतात आणि फक्त विजेवर बोलतात, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर एकाने पार्किंगच्या दोन जागा देऊन बेसमेंटमध्ये भट्टी बसेल का असंही विचारलं होतं, आणि तो मस्करी करत नव्हता. माझं बरोब्बर उलट आहे. मला यातल्या विजेचं फार काही वाटत नाही, उष्णतेचं वाटतं, आणि त्याला कारण माझा धंदा.

मी एनर्जी ऑडिट करते. म्हणजे कारखान्यात जायचं, बॉयलरपासून शेवटच्या मशीनपर्यंत वाफ कुठे जाते आणि कुठे वाया जाते ते मोजायचं, आणि मालकाला न आवडणारा रिपोर्ट द्यायचा. बरीचशी कामं तारापूर एमआयडीसीत असतात, बोरिवलीहून डहाणू लोकल पकडायची नि बोईसरला उतरायचं. ते पुढे येईलच.

आधी वीज उरकते. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवारची सकाळ, मुंबई-ठाणे-नवी मुंबईची बत्ती गुल झाली होती, लोकल जागच्या जागी उभ्या, कोविडचे दिवस, हॉस्पिटलं जनरेटरवर. तेव्हापासून 'आपली आपली छोटी भट्टी असती तर' हे पालुपद चालू आहे. आता मुंबईला पीकला चार हजार मेगावॉटच्या आसपास वीज लागते. ज्याला मायक्रो रिॲक्टर म्हणतात तो एक ते वीस मेगावॉटचा. अख्ख्या शहरात अशा शेकड्याने भट्ट्या पेरणार का? आणि वर्षा-दोन वर्षांत कधीतरी काही तास लाइट जाते त्यासाठी अणुभट्टी बसवणं म्हणजे डास मारायला तोफ, त्याला डिझेल जनरेटर पुरतो. जिथे ग्रिडच नाही, डिझेल जहाजाने किंवा विमानाने आणावं लागतं, तिथे गोष्ट वेगळी. रशियाच्या पार उत्तरेला पेवेक नावाचं बंदर आहे, तिथे अकादेमिक लोमोनोसोव नावाची तरंगती बार्ज उभी आहे, तिच्यावर ३५-३५ मेगावॉटच्या दोन भट्ट्या, २०२० पासून त्या गावाला वीज आणि हीटिंग दोन्ही देतात. त्याच भागात बिलिबिनोला तर १९७४ ते ७६ मध्येच १२-१२ मेगावॉटच्या चार भट्ट्या बसल्या, त्याही वीज आणि गरम पाणी दोन्हीसाठी. तिथे उणे चाळीसला हीटिंग बंद पडलं तर माणसं मरतात, त्यामुळे हिशोब जमतो. आपल्याकडे लेह-लडाखला कदाचित जमेल. अंधेरीला नाही.

मग कुणीतरी हुशार म्हणतो, मुंबईला गरमी नको पण थंडी तर हवी ना, उष्णतेवर चालणारे चिलर असतातच, व्हेपर ॲब्सॉर्प्शन मशीन, बीकेसीतले सगळे टॉवर भट्टीच्या वाफेवर गार करा. ऐकायला मस्त. पण साधा हिशोब करा, १० मेगावॉट उष्णता घेतली आणि चांगल्या डबल इफेक्ट मशीनला दिली तर साधारण १२ मेगावॉट थंडावा मिळतो. त्याच १० मेगावॉटची आधी वीज केली तर ३ मेगावॉट वीज होते आणि ती वीज बऱ्यापैकी इलेक्ट्रिक चिलरला दिली की १५ मेगावॉट थंडावा. म्हणजे वीज करून गार करणंच जास्त फायद्याचं, आणि वीज तारेतून कुठूनही येते, त्यासाठी भट्टी बीकेसीत असायची गरज नाही. फुकट वाया जाणारी उष्णता असेल तर ॲब्सॉर्प्शन चिलर झकास चालतो, मुद्दाम वाफ करून नाही.

तर मग उष्णता लागते कुणाला? मुंबईला लागते, फक्त घराघरात लागत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही. माहुलच्या रिफायनऱ्या, चेंबूरचा आरसीएफचा खत कारखाना, हॉस्पिटलांचे ऑटोक्लेव्ह, मोठ्या हॉटेलांच्या लॉन्ड्र्या, डेअऱ्या, सगळीकडे बॉयलर आहेत. आणि शहरातून बाहेर ढकलले गेलेले डाइंगवाले, केमिकलवाले, बल्क ड्रगवाले, ते सगळे बोईसर, तळोजा, अंबरनाथ, डोंबिवली अशा पट्ट्यात. यातला बहुतेक कारखाना विजेपेक्षा वाफेवर जगतो. विजेचं बिल सगळ्यांना माहीत असतं, वाफेचा खर्च विचारला की मालक म्हणतो तो कोळशाच्या खात्यात बघा.

एक डाइंग हाउस, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना, डोळ्यासमोर आणा. सकाळची शिफ्ट चालू झाली की सगळी जेट मशीन (कापड रंगवायची) एकदम वाफ ओढायला लागतात, हेडरवरचा, म्हणजे वाफेच्या मुख्य पाइपावरचा, प्रेशरचा काटा दहा बारवरून घसरत घसरत सहावर येतो, डाइंग मास्तर आतून ओरडतो की बाथ १३० डिग्रीला जात नाहीये, रंगाची शेड उतरेल, लॉट परत करावा लागेल. बॉयलरवर एक मामा, वय साठीच्या आसपास, सेकंड क्लासचं सर्टिफिकेट भिंतीवर काचेत लावलेलं, ते काही न बोलता भट्टीचं दार उघडतात आणि कोळसा मारायला लागतात, दार उघडलं की तोंडावर जी झळ येते ती मी दहा फुटांवरून पण सहन करू शकत नाही. कोपऱ्यात राखेचा ढीग, बाहेर अजून एक ढीग, त्यावर पाणी मारलेलं, तरी वारा आला की चहाच्या ग्लासात काळे कण. मी एकदा त्यांना छोट्या अणुभट्टीबद्दल सांगितलं, की त्यात इंधन टाकलं की काही वर्षं बघायला नको. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मॅडम, राख काढायला लागते का त्याची?" म्हटलं लागते, पण रोज नाही, आणि ती फावड्याने काढता येत नाही. "मग बरंय," म्हणाले.

आता यातली गंमत बघा. हा डाइंगवाला जिथे कोळसा जाळतोय तिथून दहा-एक किलोमीटरवर तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या, २१० मेगावॉटच्या म्हणून आलेल्या आणि पुढे १६० वर आणलेल्या. तीन आणि चार नंबर आपल्या स्वतःच्या, ५४० मेगावॉटच्या, २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या. ५४० मेगावॉट वीज देणारी भट्टी आतमध्ये सतराशेच्या वर मेगावॉट उष्णता तयार करते. वरची अकराशे-बाराशे मेगावॉट कुठे जाते? अरबी समुद्रात. टर्बाइनमधून निघालेली वाफ निववणाऱ्या कंडेन्सरमधून समुद्राचं पाणी फिरवायचं, ते थोडं गरम होऊन परत समुद्रात. एका बाजूला समुद्र गरम करतोय आणि दुसऱ्या बाजूला इंडोनेशियाहून कोळसा आणून पाणी उकळतोय, मध्ये एक रिक्षाचं अंतर.

पण थांबा, यात एक मेख आहे आणि ती न सांगता हा मुद्दा फेकणारे बरेच भेटतात. कंडेन्सरचं पाणी चाळीस डिग्रीच्या आसपास असतं. त्यात कापड रंगत नाही, त्यात फार तर पाय शेकता येतील. डाइंगला सात-आठ बारची वाफ लागते, म्हणजे १७० डिग्री. ती हवी असेल तर टर्बाइनमध्ये जायच्या आधी किंवा अर्ध्या वाटेतून काढून घ्यावी लागते, आणि तेवढी वीज कमी होते. वाया जाणारी उष्णता फुकट असते हे खरं, पण उपयोगाची उष्णता फुकट नसते. तरी सौदा वाईट नाही, कारण एक युनिट वीज सोडली की त्या बदल्यात चार-पाच युनिट उष्णता हातात येते.

आणि हे आपल्याकडे झालेलं आहे हो, कुणी कौतुक करत नाही ती गोष्ट वेगळी. राजस्थानात रावतभाट्याला अणुवीज केंद्राची वाफ शेजारच्या जड पाण्याच्या (आपल्या बऱ्याच भट्ट्यांत लागणारं खास पाणी) कारखान्याला दिली जायची. कल्पक्कमला मद्रास अणुवीज केंद्राच्या वाफेवर समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लँट आहे, दिवसाला ६३ लाख लिटरचा, त्यातले ४५ लाख उष्णतेवर आणि बाकीचे मेंब्रेनच्या गाळणीवर. आणि सगळ्यात जवळचं म्हणजे आपलं तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे, भाभा अणुसंशोधन केंद्राचं. ट्रॉम्बेच्या टेकडीपलीकडे १९५६ पासून अणुभट्ट्या आहेत, ४ ऑगस्टला अप्सरा सुरू झाली, फक्त एक मेगावॉट उष्णतेची, पाण्याच्या टाकीत बसवलेली. १९६० मध्ये ४० मेगावॉटची सायरस आली, ती २०१० च्या अखेरीस बंद झाली, आणि ती चालू असताना शेवटच्या काही वर्षांत तिच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर दिवसाला तीस टन समुद्राचं पाणी गोडं करत होते. तीन पाण्याचे टँकर म्हणा. रिसर्च रिॲक्टर कोमट पाण्यावरच चालतो, त्यातून वाफ मिळत नाही, म्हणून व्हॅक्यूम लावून चाळीस-पन्नास डिग्रीलाच पाणी उकळवायचं. मला हे फार आवडतं. म्हणजे मुंबईत अणुभट्टीच्या उष्णतेचा वापर करून दाखवलेला आहे, मुंबईकराला पत्ता नाही. घारापुरीच्या लाँचमधून ते घुमट दिसतात, लोक फोटो काढतात आणि परत चिप्स खायला लागतात. अटल सेतूवरून जाताना तर त्या बाजूला पडदेच लावलेत.

छोट्या भट्टीच्या उष्णतेवर वस्ती चालवायचं तर जगात साठ वर्षांपूर्वीच करून झालंय. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ ओगेस्टा नावाची भट्टी खडकात खोदून बसवली होती, १९६४ ते १९७४ दहा वर्षं फार्स्टा नावाच्या उपनगराला तिनं गरम पाणी पुरवलं, वीज नावापुरती दहा मेगावॉट. कॅनडावाल्यांनी स्लोपोक नावाची चिमुकली भट्टी केली, २० किलोवॉट उष्णता, म्हणजे सात-आठ बाथरूम गिझर, ती रात्री कुणी माणूस नसताना चालू ठेवायची परवानगी होती, इतकी ती स्वतःहून सांभाळून घ्यायची, पाणी तापलं की आपोआप मंद. त्यांनी त्यावरून बिल्डिंगा गरम करायला १० मेगावॉटचं मॉडेल काढलं, ८० च्या दशकात. एकही विकलं गेलं नाही, कारण तेल आणि गॅस स्वस्त झाला.

आणि दुसरी बाजू पण सांगायलाच पाहिजे. अमेरिकेच्या आर्मीनं आर्क्टिकमधल्या रडार स्टेशनांसाठी अशीच छोटी भट्टी बनवली होती, एसएल-१, २०० किलोवॉट वीज आणि ४०० किलोवॉट हीटिंग, आजच्या जाहिरातीत असतं तेच. ३ जानेवारी १९६१ च्या रात्री आयडाहोत मेंटेनन्सच्या वेळी मधला कंट्रोल रॉड, म्हणजे भट्टीला आवरून धरणारा दांडा, हाताने अर्धा मीटर वर ओढला गेला, काही मिलिसेकंदांत भट्टी भडकली, तिघं गेले. एका रॉडवर सगळी भट्टी पेटू शकते असं डिझाइन होतं, पुढे डिझाइनचा नियमच झाला की एक रॉड पूर्ण बाहेर आला तरी भट्टी बंद राहिलीच पाहिजे. त्यामुळे आजची भट्टी तशी नाही, हे मला मान्य आहे. पण 'लहान आहे म्हणून सुरक्षित' हे वाक्य कुणी टाकलं की मला एसएल-१ आठवते. लहानपणाचा फायदा एवढाच की बंद केल्यावर उरणारी उष्णता कमी असते, ती पंपाशिवाय नुसत्या हवेने किंवा पाण्याने काढता येते. हा फायदा छोटा नाहीये, फुकुशिमात बंद झालेल्या भट्ट्याच थंड ठेवता आल्या नव्हत्या. पण चुका करायला माणसं लहान भट्टीवर पण असतातच.

बरं, आता धंद्याचं बोलू, कारण घोडं पेंड खातं ते इथे. एक शेठ आहेत, नाव कशाला, त्यांनी कुठेतरी मायक्रो रिॲक्टरचा व्हिडिओ बघितला आणि मला फोन, "मॅडम, ये वाला अपने यहां लग जाएगा क्या, कोयले से जान छूटेगी." त्यांचं पण बरोबर, त्यांचा माल ज्या परदेशी ब्रँडला जातो ते मागे लागलेत की कोळसा बंद करा. मी त्यांना फोनवर जो हिशोब सांगितला तो इथे जरा नीट मांडते.

शेठचा बॉयलर सहा टनांचा, म्हणजे तासाला सहा टन वाफ. एक टन वाफेला साधारण ०.६५ मेगावॉट उष्णता लागते, म्हणजे शेठची भूक चार मेगावॉट. एक बऱ्यापैकी मायक्रो रिॲक्टर २० मेगावॉट उष्णतेचा धरू. म्हणजे तासाला तीस टन वाफ, शेठसारखे पाच कारखाने. तेव्हा पहिली गोष्ट, ही वस्तू एका कारखान्याची नाहीच, ती सामायिक असावी लागेल, जसा एमआयडीसीत सांडपाण्याचा कॉमन प्लँट असतो तशी. वाफ पाइपातून विकायचा धंदा काही स्वप्न नाही, सुरतजवळ सचिन जीआयडीसीत मोठ्या कॉमन बॉयलरवरून कारखान्यांना मीटरवर वाफ देतात.

आता २० मेगावॉट कोळशावर काढायचे तर दिवसाला ११० टनांच्या आसपास कोळसा, म्हणजे दहा-दहा टनाचे अकरा ट्रक, रोज, पावसाळ्यात पण, चिल्हार-बोईसर रोडच्या खड्ड्यांतून. तेवढंच काम युरेनियमवर, साध्या पाण्याच्या भट्टीत जसं जळतं तसं जळलं तर, वर्षाला दीडशे किलोत होतं. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा कॅल्क्युलेटर परत मारला. भट्ट्यांच्या प्रेमात माणूस का पडतो ते या एका आकड्यात आहे.

पैशाचं बघा. कोळसा किलोला सात-आठ रुपये धरला आणि टनभर वाफेला दीड-एकशे किलो लागतो म्हटलं तर इंधनाचाच खर्च टनाला अकराशे-बाराशे. बाराशे धरू. तीस टन तासाला, वर्षाचे आठ हजार तास, झाले दोन लाख चाळीस हजार टन, म्हणजे एकोणतीस कोटी रुपये. भट्टीवाल्याला वर्षाला हे एकोणतीस कोटी मिळणार, याच्यात त्याने भांडवल, व्याज, इंधन, ऑपरेटर, सिक्युरिटी, इन्शुरन्स, आणि शेवटी ती भट्टी मोडून नेणं सगळं भागवायचं. भांडवलावर वर्षाला दहा टक्के म्हटलं आणि बाकीच्या खर्चाला दहा कोटी ठेवले तर भट्टी दोनशे कोटींच्या आत बसली पाहिजे, पाइपलाइनसकट. २०१७ मध्ये केंद्रानं ७०० मेगावॉटच्या दहा भट्ट्या मंजूर केल्या तेव्हा अंदाज एक लाख पाच हजार कोटींचा होता, मेगावॉटला पंधरा कोटी. २० मेगावॉट उष्णता म्हणजे सहाच मेगावॉट वीज, त्या भावाने नव्वद कोटी, आणि नुसती वाफ करायची तर टर्बाइन-जनरेटर पण नको. म्हणजे मोठ्या भट्टीच्या भावात छोटी मिळाली तर शेठचं काम दणक्यात होतं, भाव दुप्पट झाला तरी जेमतेम निभेल.

पण मोठ्या भट्टीच्या भावात छोटी मिळत नाही ना! जग मोठ्या भट्ट्यांकडे गेलं ते हौस म्हणून नाही, आपणच २२० वरून ५४० आणि मग ७०० वर गेलो ते यासाठीच. अमेरिकेत नूस्केल नावाच्या कंपनीचा छोट्या भट्ट्यांचा पहिला प्रोजेक्ट होता, विजेचा भाव मेगावॉट-तासाला ५८ डॉलर सांगितला होता, तो ८९ वर गेला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रोजेक्टच गुंडाळला. आणि ती भट्टी ७७ मेगावॉटची, आपण सहाची गोष्ट करतोय. फॅक्टरीत शंभर भट्ट्या एकसारख्या बनवल्या की स्वस्त होतील म्हणतात, होतीलही, पण पहिल्या दहा कोण घेणार? शेठ नाही घेणार, ते स्टीम ट्रॅप, म्हणजे पाइपातली वाफ अडवून फक्त पाणी सोडणारी झडप, बदलायला तीन मिटिंगा घेतात.

त्यात भट्टी लहान म्हणून पहारेकरी कमी लागतात असं नाही. कुंपण, कॅमेरे, तीन शिफ्टचे शस्त्रधारी जवान, लायसन्सवाले ऑपरेटर, रेडिएशन मोजणारे, इमर्जन्सी प्लॅन, हे ७०० मेगावॉटला पण लागतं आणि सहाला पण. वर्षाला एकोणतीस कोटीच्या धंद्यात हा सगळा लवाजमा पोसायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बॉयलर इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, बॉयलर थंड करून आत डोकं घालून बघतो आणि पुढच्या वर्षापर्यंत मामा राजे. अणुभट्टीत डोकं घालता येत नाही.

दुसरी अडचण आमच्या लोकांच्या चालवण्याची. अणुभट्टीचं इंधन स्वस्त आणि भांडवल महाग, म्हणून ती चोवीस तास एकसारखी चालली तरच परवडते. डाइंग हाउस कसं चालतं ते वर सांगितलंच, काटा दहावर, मग सहावर, सुट्टीच्या दिवशी शून्य, दिवाळीला कामगार गावी गेले की पंधरा दिवस अर्ध्यावर, ऑर्डर नसेल तर महिनाभर एकच मशीन. मध्ये गरम पाण्याच्या मोठ्या टाक्या ठेवून चढ-उतार सांभाळता येतात, उरलेल्या वेळात थोडी वीज करून ग्रिडला देता येते, पण मग परत टर्बाइन आला, परत खर्च आला.

आणि जमीन. आपल्याकडे अणुवीज केंद्राभोवती एक-दीड किलोमीटरच्या आत वस्ती चालत नाही, पुढे पाच किलोमीटरपर्यंत वस्तीची वाढ आटोक्यात ठेवावी लागते. तारापूर एमआयडीसीत एक किलोमीटरच्या वर्तुळात किती चाळी, किती कामगार, किती वडापावच्या गाड्या येतात ते स्टेशनबाहेर उभं राहून बघा. छोट्या भट्टीसाठी हे वर्तुळ लहान करा अशी जगभर मागणी आहे, तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य पण आहे. पण पालघर जिल्ह्यात ती कुणाला पटवून सांगणार? तारापूरच्या तीन-चार नंबरसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली, मच्छीमारांची घरं, पुनर्वसनाची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालली. त्या भागात कुणी 'स्थानिक अणुऊर्जा' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, स्थानिकांना काय? वीज तर ग्रिडने बाहेर नेली. या प्रश्नाला आजवर धड उत्तर दिलं गेलेलं नाही, आणि मला वाटतं वाफ हे एक उत्तर होऊ शकलं असतं, किमान शेजारच्या कारखान्यांतला धूर तरी कमी झाला असता, ज्यात तिथलीच पोरं काम करतात.

सरकारकडून सध्या वारं भरलेलं आहे. फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठी वीस हजार कोटी, २०३३ पर्यंत निदान पाच स्वदेशी भट्ट्या चालू करायच्या. आपल्या ट्रॉम्बेवाल्यांकडे २०० मेगावॉट आणि ५५ मेगावॉटची डिझाइन आहेत, आणि हायड्रोजनसाठी एक पाच मेगावॉट उष्णतेची गॅसने थंड होणारी. न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशननं २२० मेगावॉटचीच जुनी ओळखीची भट्टी मोठ्या उद्योगांना स्वतःच्या वापरासाठी देऊ केलीय. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत शांती नावाचा नवा कायदा मंजूर झाला, खासगी कंपन्यांना दार उघडलं. यातली ती २२० वाली मला सगळ्यात कामाची वाटते, पोलाद आणि ॲल्युमिनियमवाल्यांसाठी, पण ती शेठच्या पट्टीतली नाही, तिची उष्णता सगळी वाफेत घेतली तर तासाला हजार टनाच्या वर जाते.

मला विचाराल तर बोईसरमध्ये मायक्रो रिॲक्टर आणायची घाई करू नये. आधी पाइप टाका. कॉमन बॉयलर, भले सुरुवातीला ब्रिकेटवर (शेतीच्या कचऱ्याच्या दाबलेल्या वड्या) नाहीतर गॅसवर, आणि मीटरवर वाफ विकायची सवय. एकदा पन्नास कारखाने एका पाइपावर आले की लोड सपाट होतो, एकाचा जेट चालू तेव्हा दुसऱ्याचा बंद. मग त्या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला काय जोडायचं ते नंतर ठरवा. तारापूरच्या हद्दीत जागा आहे, पहारा आहे, माणसं ट्रेन झालेली आहेत, पुढे कधी तिथे नवी छोटी भट्टी बसली तर दहा किलोमीटर वाफ नेणं अशक्य नाही. स्वित्झर्लंडमध्ये बेझनाऊच्या केंद्रातून १९८० च्या दशकापासून आजूबाजूच्या गावांना पाइपाने गरम पाणी जातंच आहे. मध्ये एक वेगळं सर्किट ठेवायचं, त्यातलं प्रेशर भट्टीच्या बाजूपेक्षा जास्त, म्हणजे गळती झालीच तर आत जाईल, बाहेर नाही.

शेठना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वो सब ठीक है, भाव बोलो." म्हटलं भाव बाराशे, त्याच्या वर गेलं तर तुम्ही घेणार नाही आणि त्याच्या खाली आज कुणी देणार नाही. तोवर एक काम करा, तुमच्या शेडमध्ये जे ट्रॅप फुंकतायत ते बदला. तीन मिलिमीटरचं भोक सात बारला तासाला पंचवीस-तीस किलो वाफ सोडतं, आणि अशी भोकं तुमच्याकडे एका हाताच्या बोटांवर मावत नाहीत. कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेलं पाणी, परत बॉयलरला आणा, सध्या नव्वद डिग्रीचं पाणी गटारात चाललंय, वॉचमन त्यात कपडे धुतो. यावर शेठ म्हणाले, रिपोर्ट मेल करा, पुढच्या मिटिंगला घेऊ.